गॉडझिलाच्या पोशाखातला माणूस आणि १२० फ्रेम्स

ज्यांना एपिसोड ऐकायला जमला नाही, किंवा गाडीत हेडफोन विसरले, त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती. बोलताना जे 'अं... म्हणजे...' होतं ते काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय गॉडझिला. पण तो नवीन सीजीवाला नाही. १९५४ सालचा, ब्लॅक अँड व्हाइट, जपानी, मूळ नाव 'गोजिरा'. गोरिला आणि 'कुजिरा' म्हणजे देवमासा, हे दोन शब्द जोडून केलेलं नाव.

आधी कबुली देतो. लहानपणी मी केबलवर १९९८ चा अमेरिकन गॉडझिला हिंदी डबमध्ये बघितला होता आणि मला तोच ओरिजिनल वाटायचा. नंतर कॉलेजात कोणीतरी जुन्या गॉडझिलाची क्लिप दाखवली. रबरी पोशाख घातलेला एक माणूस पुठ्ठ्याच्या बिल्डिंगांवर धडकतोय. हॉस्टेलची अख्खी रूम हसली, मीही हसलो. मग गेल्या पावसाळ्यात एकदा बसमध्ये अडकलो, फोनवर अख्खा पिक्चर सबटायटल्स लावून बघितला, आणि साधारण तासाभरानंतर एक सीन आला. जळत्या टोक्योत एक आई दोन-तीन लेकरांना कुशीत घेऊन भिंतीला टेकून बसलीये. पळत नाहीये. पोरांना सांगतेय की आता आपण लवकरच बाबांकडे जाऊ. बाबा युद्धात गेले असणार हे आपल्याला कोणी सांगावं लागत नाही. तिथे माझं हसू थांबलं.

मग मी वाचायला लागलो. हा एपिसोड त्यातून आला.

एका गणितातली चूक

गोष्ट सुरू होते १ मार्च १९५४ ला, पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटांवर. अमेरिकेने तिथे हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली, नाव 'कॅसल ब्राव्हो'. अंदाज होता साधारण ६ मेगाटनचा. स्फोट झाला १५ मेगाटनचा. म्हणजे हिरोशिमाच्या बॉम्बच्या साधारण हजारपट.

इंजिनिअर म्हणून मला ही चूक झोपू देत नाही. बॉम्बच्या इंधनात लिथियम होतं. त्यातलं लिथियम-६ स्फोटात भाग घेणार हे माहीत होतं. उरलेलं, जे निम्म्यापेक्षा जास्त होतं, ते लिथियम-७. त्याच्याबद्दल गृहीत धरलं की हे काही फारसं करणार नाही, नुसतं पडून राहील. ते पडून राहिलं नाही. आपण कोडमध्ये 'ही केस येणारच नाही' अशी कॉमेंट टाकून पुढे जातो ना, तेच. फक्त इथे प्रॉडक्शन म्हणजे महासागर होता.

तिथून सुमारे १३० किलोमीटरवर एक जपानी मासेमारी बोट होती. तिचं नाव 'दाइगो फुकुर्यू मारू', अर्थ 'पाचवा भाग्यवान ड्रॅगन'. अमेरिकेने धोक्याचा म्हणून जाहीर केलेल्या पट्ट्याच्या ती बाहेर होती. २३ खलाशी. पहाट व्हायच्या आधी पश्चिमेला उजेड झाला, आणि काही तासांनी आकाशातून पांढरी राख पडायला लागली. बर्फासारखी. खलाश्यांनी ती हातांनी झाडली. बोट परत येईपर्यंत सगळे आजारी होते. त्यांनी आणलेला ट्यूना मासा बाजारात गेला, मग बातमी फुटली, आणि जपानभर लोकांनी मासे खाणं बंद केलं. ज्या देशाचं जेवण माशावर चालतं तिथे! बोटीचे रेडिओ ऑपरेटर ऐकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला गेले.

गोजिरा थिएटरात लागला ३ नोव्हेंबरला. मधे फक्त ४१ दिवस.

आता पिक्चरचा पहिला सीन आठवा (बघितला नसेल तर सांगतो). शांत समुद्र, एक छोटी बोट, खलाशी डेकवर गाणी-बिणी म्हणत बसलेत. अचानक पाणी उकळतं, डोळे दिपवणारा उजेड, बोट खलास. त्या वर्षी जपानी थिएटरात बसलेल्या माणसाला हे राक्षसाच्या पिक्चरचं ओपनिंग वाटलं नसणार. त्याला तो पेपर वाटला असणार.

रिकामी तारीख

पिक्चर सुचला कसा, तर अगदी धंद्याच्या गरजेतून. तोहो स्टुडिओचे निर्माते तोमोयुकी तानाका इंडोनेशियासोबत एक मोठा पिक्चर करणार होते. ते बारगळलं. रिलीजचा स्लॉट रिकामा. परत येताना विमानातून खाली समुद्राकडे बघताना त्यांना ही कल्पना सुचली, असं ते पुढे सांगायचे. १९३३ चा 'किंग काँग' १९५२ मध्ये पुन्हा लागून जोरात चालला होता, पुढच्याच वर्षी बॉम्बमुळे जागा झालेल्या प्राण्याचा एक अमेरिकन पिक्चरही आला होता. म्हणजे आयडिया हवेत होतीच, हेही मान्य करू.

दिग्दर्शक इशिरो होंडा. हा माणूस सैनिक म्हणून चीनमध्ये बरीच वर्षं काढून आलेला, आणि घरी परतताना हिरोशिमातून गेलेला. स्पेशल इफेक्ट्सवाले एइजी त्सुबुराया. त्यांनी युद्धाच्या काळात सरकारी प्रचारपटासाठी पर्ल हार्बरचा हल्ला छोट्या मॉडेल्सवर उभा केला होता. म्हणजे शहरं आणि जहाजं कशी फुटतात याचा त्यांचा अभ्यास पक्का होता. हे जरा विचित्र वाटतं, पण खरं आहे.

त्सुबुरायांना 'किंग काँग'सारखं स्टॉप मोशन करायचं होतं. बाहुली थोडी हलवायची, एक फोटो, परत थोडी हलवायची, परत फोटो. सेकंदाला २४ फ्रेम्स, म्हणजे एका मिनिटाला १४४०. असं केलं तर सात वर्षं लागतील, असं त्यांनी सांगितल्याचा किस्सा आहे. हातात होते काही महिने. मग ठरलं: माणसाला पोशाख घालू.

फोन काढा, आता प्रयोग

इथे मला या पिक्चरचा सगळ्यात आवडता भाग सांगायचाय. गॉडझिला गोष्टीत ५० मीटर उंच. पोशाखातला माणूस साधारण २ मीटर. प्रमाण २५ ला १. सेटवरचं टोक्योही त्याच प्रमाणात, पंचविसाव्या भागाएवढं.

मॉडेल कितीही बारकाईने केलं तरी ते पडताना खोटं का वाटतं? कारण गुरुत्वाकर्षण छोटं करता येत नाही. ५० मीटरवरून दगड टाकला तर खाली यायला साधारण ३.२ सेकंद लागतात. २ मीटरवरून टाकला तर ०.६४ सेकंद. आपला मेंदू हे फॉर्म्युल्याशिवाय ओळखतो. पटकन पडलं की छोटं, सावकाश पडलं की मोठं.

आता ३.२ भागिले ०.६४ करा. बरोबर ५. २५ चं वर्गमूळ. म्हणजे मॉडेलची पडझड पाचपट सावकाश दाखवली की ती ५० मीटरची वाटायला हवी. पिक्चर २४ फ्रेम्सने चालतो, तर शूट करायचं १२० ने. तुमच्या फोनच्या स्लो-मोमध्ये १२० एफपीएसचा पर्याय असतो ना? तोच आकडा! काड्यापेट्यांचा मनोरा रचा, कॅमेरा अगदी खाली, जमिनीला टेकवून ठेवा, आणि पाडा. एकदा साधा व्हिडिओ, एकदा स्लो-मो. फरक सांगायला मी लागणार नाही.

सेटवर सगळे शॉट नेमके पाचपटच होते असं नाही, पण कॅमेरा नेहमीपेक्षा बराच जास्त वेगाने फिरवत होते. आणि इथून साखळी सुरू होते. फ्रेम्स पाचपट म्हणजे प्रत्येक फ्रेमला मिळणारा उजेड एक पंचमांश. मग लाइट्स तेवढे जास्त हवेत. तेव्हाचे लाइट्स म्हणजे भट्ट्या. आणि त्या भट्टीसमोर, ऑगस्टच्या टोक्योत, सुमारे १०० किलोचा रबरी पोशाख घालून उभा एक माणूस.

त्याचं नाव हारुओ नाकाजिमा. पहिला पोशाख इतका जड आणि ताठ झाला की त्यात काही पावलं चालून ते कोलमडायचे. मग तो कापून दोन भाग केले आणि फक्त पायांच्या किंवा वरच्या अंगाच्या शॉट्सना वापरला. दुसरा जरा बरा होता. जरा. शॉटनंतर पोशाखातून पेल्याने घाम ओतून काढायचे, असं नाकाजिमा नंतर मुलाखतींमध्ये सांगायचे. त्यातही हा माणूस आधी प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलं कसं पाऊल टाकतात ते बघून आला होता.

हॉस्टेलमध्ये आम्ही ज्याच्यावर हसलो तो हा माणूस. चाल इतकी जड का दिसते? कारण ती जड होती.

(एक मधलंच. खरा ५० मीटरचा प्राणी उभाच राहू शकणार नाही. उंची २५ पट झाली की वजन १५,६२५ पट होतं, पण हाडाची जाडी, म्हणजे आडवा छेद, फक्त ६२५ पट. पहिल्या पावलाला पाय मोडेल. पण ते सोडा, पिक्चर आहे.)

विजेच्या मनोऱ्यांचा सीन बघाल तेव्हा लक्ष ठेवा. गॉडझिला तोंडातून वाफ सोडतो आणि हायटेन्शनचे टॉवर वितळून वाकतात. ते टॉवर मेणाचे होते, उष्णतेने खरंच वितळवले.

डरकाळी

[ऑडिओत इथे मी दोन क्लिप वाजवल्या होत्या.]

डरकाळी कोणत्याच प्राण्याची नाही. आधी खऱ्या प्राण्यांचे आवाज वापरून बघितले, जमले नाहीत. मग संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बास घेतला, म्हणजे माणसाहून उंच ते व्हायोलिनसारखं वाद्य. तार सैल केली, चामड्याच्या हातमोज्याला राळ लावली आणि तारेवरून खसकन ओढला. ते रेकॉर्डिंग सावकाश वाजवलं. म्हणजे परत तीच युक्ती! कॅमेऱ्याने वजन दिलं तसं टेपने आवाजाला दिलं. अर्ध्या वेगाने वाजवलं की आवाज एक अख्खं सप्तक खाली जातो. दुसरी क्लिप माझी होती: फुगवलेल्या फुग्यावर ओलं बोट घासून एडिटिंग अ‍ॅपमध्ये चारपट स्लो. शेजारच्या काकूंनी दार वाजवून विचारलं, कुत्रं आणलंय का.

सेरिझावा

इथून पुढे स्पॉइलर. पिक्चर ७० वर्षांचा आहे, त्यामुळे माफी मागत नाही.

गॉडझिलाला तोफा, विमानं, वीज, कशानेच काही होत नाही. उपाय एकाच माणसाकडे असतो, डॉक्टर सेरिझावा. संशोधन करताना त्याला पाण्यातला ऑक्सिजन नष्ट करून त्यातल्या सगळ्या जिवांचा सांगाडा करणारी वस्तू सापडलेली असते. तो ती द्यायला नकार देतो. त्याचं म्हणणं साधं आहे: एकदा वापरली की जगातले पुढारी हिचं शस्त्र करणार, मला करायला लावणार. समोरचे म्हणतात, पण आत्ता लोक मरतायत. दोन्ही बाजू बरोबर आहेत. पिक्चर यातली कुठलीच बाजू सोपी करत नाही, हे मला फार आवडलं. शेवटी तो सगळे कागद जाळतो, स्वतः समुद्रतळाशी जाऊन वस्तू वापरतो, आणि आपली हवेची नळी कापतो. कारण कागद जाळले तरी डोक्यात ते आहेच.

आता जरा माझं. एका कामात मी डिलिव्हरी करणाऱ्या पोरांचं लोकेशन बघून ते कुठे किती मिनिटं थांबले हे मोजणारं फीचर लिहिलं होतं. मीटिंगमध्ये सांगितलं गेलं, फक्त रस्ते सुधारायला डेटा हवाय. मी विचारलं नाही, कारण कोड मस्त झाला होता आणि मला तो दाखवायचा होता. दोन महिन्यांनी त्याच आकड्यावर पोरांचे पैसे कापले जायला लागले. सेरिझावाशी माझी तुलना करत नाहीये, तेवढा फिल्मी मी नाही. पण तो कागद जाळतो त्या सीनला मी व्हिडिओ थांबवला आणि खिडकीबाहेर बघत बसलो. माझा कोड अजून चालू आहे.

कापलेला पिक्चर

१९५६ मध्ये अमेरिकेत हाच पिक्चर लागला, पण वेगळा होऊन. रेमंड बर या अमेरिकन नटाचे सीन नवीन शूट करून मधे घुसवले, तो पत्रकार म्हणून सगळं बघतो आणि सांगतो. ९६ मिनिटांचे ८० झाले. मूळ पिक्चरमध्ये लोकलमध्ये बसलेली एक बाई सहज बोलते, की आधी किरणोत्सारी मासे, मग तसलाच पाऊस, आता हे. नागासाकीतून कशीबशी वाचले होते मी. ते गेलं. शेवटही बदलला. मूळ शेवटी म्हातारे प्राध्यापक म्हणतात की बॉम्बच्या चाचण्या चालूच राहिल्या तर आणखी एखादा गॉडझिला कुठेतरी येईल. अमेरिकन शेवटी निवेदक सांगतो की संकट टळलं, जग आता पुन्हा जगू शकतं.

बऱ्याच जगाने अनेक वर्षं हीच आवृत्ती बघितली. मूळ पिक्चर अमेरिकेतल्या थिएटरांमध्ये नीट लागला तो २००४ मध्ये. त्यामुळे 'रबरी राक्षसाचा विनोदी पिक्चर' ही जी आपली कल्पना आहे, ती कुठून आली याचं अर्धं उत्तर तिथे आहे. बाकीचं अर्धं तोहोनेच काढलेल्या पुढच्या भागांमध्ये, पण तो वेगळा एपिसोड होईल.

आणि ती बोट? ती अजून आहे. डागडुजी करून बरीच वर्षं प्रशिक्षणासाठी वापरली, मग टोक्योच्या युमेनोशिमाला, कचऱ्याचा भराव टाकत होते तिथे सोडून दिली. लोकांनी मागणी करून ती वाचवली आणि १९७६ पासून तिथेच एका प्रदर्शनगृहात ठेवलीये. लाकडी बोट आहे, साधी.

पिक्चर बघायचा तर ९६ मिनिटांचा जपानी बघा, हेडफोन लावून, रात्री. आणि काड्यापेट्यांचे स्लो-मो व्हिडिओ मला पाठवा. बेस्ट तीन पुढच्या एपिसोडला सांगतो.