सनदेपूर्वींची सेवा

कायद्याच्या परीक्षेचा निकाल लागला, कीं घरांतील वडील मंडळी विचारतात, "आतां कोणाच्या हाताखालीं बसणार?" तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे कांहीं महिने स्वयंसेवक म्हणून जावें, असें सहसा कोणी सुचवीत नाहीं, द्रव्यलाभ नाहीं ना त्यांत!

१९७६ सालीं बेचाळिसाव्या दुरुस्तीनें राज्यघटनेंत कलम ३९-अ आलें. तदनुसार झालेला १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलांत आहे. त्याच्या बाराव्या कलमान्वयें स्त्रिया, बालकें, अनुसूचित जाति-जमातींचे लोक, अपंग, कोठडींतील बंदी इत्यादिकांस मोफत वकील मिळतो. स्त्रीला तर उत्पन्नाची अटही नाहीं. नवरा सुखवस्तु असला म्हणून घराबाहेर काढलेल्या बाईचा हा हक्क बुडत नाहीं. आपल्यासारख्या सुशिक्षित घरांतूनही हें किती जणींस ठाऊक असतें?

सनदेवांचून वकील म्हणून न्यायालयांत उभें राहतां येत नाहीं. परंतु अर्ज लिहून देणें, कागदपत्रें लावणें, कोणत्या कचेरींत जावें तें सांगणें, एवढें नवपदवीधरास खचित साधतें. कठीण काम ऐकण्याचें. वेदान्तांत श्रवण आधीं, मनन मागाहून. येथेंही तोच क्रम. पोटगीसाठीं आलेली बाई आरंभ करते नणंदेपासून. लग्नाची तारीख, मुलांचीं वयें, शेवटचे पैसे केव्हां मिळाले, हें तिच्या हकीकतींतून वेंचून काढावें लागतें. निकाल तुझ्याच बाजूनें लागेल, असा शब्द मात्र देऊं नये. लिहिलेला अर्ज सहीपूर्वीं तिला सावकाश वाचून दाखवावा. विसरलेली महत्त्वाची गोष्ट पुष्कळदां तेव्हांच आठवते.