सेवा म्हणजे बिनपगारी काम?

पुण्यात संस्थांना तोटा नाही, पण 'संस्थेत नोकरी करतो' म्हटलं की घरचे अजून विचारतात, 'पगार देतात ना?' या प्रश्नामागचे काही गैरसमज पाहू.

गैरसमज : पूर्वीचे लोक फुकट काम करत.
वस्तुस्थिती : डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे (१८८४) आजीव सभासद स्वतःला वीस वर्षं बांधून घेत, पण पगार घेऊनच. गोपाळ कृष्ण गोखल्यांची पिढी दरमहा ७५ रुपयांवर शिकवत राहिली. त्याग होता तो बाहेर मिळाली असती त्या कमाईचा. सभासदांनी बाहेरून कमवावं का, यावर तर एवढे खटके उडाले की १८९० मध्ये टिळकांनी संस्था सोडली.

गैरसमज : व्रत घेतलं की संसार वाऱ्यावर.
वस्तुस्थिती : १२ जून १९०५ रोजी गोखल्यांनी सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी काढली. सभासदाला सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. स्वतःसाठी पैसा कमावण्यात शक्ती घालवायची नाही, ही त्यांतली एक. मात्र त्याच्या आणि कुटुंबाच्या निर्वाहाची तरतूद संस्था करी. ती जेवढी असेल तेवढ्यात समाधान मानायचं, एवढंच.

गैरसमज : सभासद झाल्याशिवाय नोकरी नाही.
वस्तुस्थिती : सभासदत्व वेगळं, नोकरी वेगळी. याच सोसायटीने रावबहादूर काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था उभी केली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. अशा संस्थेला प्राध्यापक, संशोधक, ग्रंथपाल, हिशेबनीस सगळेच लागतात आणि ते पगारावर नेमले जातात. समाजकार्याचं रीतसर शिक्षणही पुण्यात मिळतं. कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून ते देते आहे.

गैरसमज : देणगीतून पगार देणं गैर.
वस्तुस्थिती : रुग्णालय परिचारिकेवाचून आणि वसतिगृह अधीक्षकावाचून चालत नाही. त्यांचा पगार हा सेवेचाच खर्च. विश्वस्ताने प्रत्यक्ष काम केलं तर त्यालाही वाजवी मोबदला द्यायला प्राप्तिकर कायद्याची आडकाठी नाही. अवाजवी दिला, तर मात्र करसवलत धोक्यात येते.

गैरसमज : धर्मादाय संस्थेत हक्क मागायचे नसतात.
वस्तुस्थिती : धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी झाली म्हणून कामगार कायद्यांतून सरसकट सुटका होत नाही. वीस किंवा अधिक कर्मचारी असले की भविष्य निर्वाह निधीचा नियम साधारणपणे संस्थांनाही लागू होतो. म्हणून नेमणूकपत्र लेखी घ्यावं आणि 'मानधनावर' म्हणत असतील तर निधी, रजा, उपदान (ग्रॅच्युइटी) यांचं काय, ते रुजू होण्याआधीच विचारून घ्यावं. असं विचारल्याने सेवाभावाला बट्टा लागत नाही.