निद्रेतील श्वासरोध : लक्षणे आणि त्यांची भाषा

निश्चिंतपणे झोपणाऱ्या मनुष्याविषयी मराठीत आपण ‘घोरत पडला आहे’ असे म्हणतो. ‘डाराडूर झोप’ या शब्दांतही घोरण्याचा आवाज ऐकू येतो, आणि अशी झोप ज्याला लागते तो भाग्यवान, अशी आपली समजूत असते. ज्या विकारास डॉक्टर ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात, तो ओळखण्यास जो विलंब होतो त्याचे एक कारण या समजुतीत आहे. प्रस्तुत लेखात प्रौढांमधील या विकाराचे स्वरूप सांगून, त्याची लक्षणे बोलण्यात कशी प्रकटतात अथवा लपतात, याचा विचार करावयाचा आहे.

‘ॲप्निया’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ श्वासाचा अभाव. झोपेत श्वास निदान १० सेकंद खंडित झाल्यास तो एक श्वासरोध मानला जातो. याचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात झोपेमुळे घशाचे स्नायू सैल पडून जीभ व मृदुतालू मागे सरकतात आणि श्वासमार्ग मिटतो. छाती मात्र श्वास घेण्याची धडपड करीतच असते. हा अवरोधजन्य प्रकार अधिक आढळतो. दुसऱ्यात मार्ग मोकळा असूनही मेंदूकडून श्वासाची प्रेरणाच काही काळ येत नाही.

अवरोध झाला की रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो, मोठ्या धापेसह श्वास पुन्हा सुरू होतो आणि मनुष्य लगेच झोपी जातो. ही जाग इतकी अल्प असते की सकाळी तिची बहुधा आठवण राहत नाही. म्हणूनच रुग्ण ‘मला झोप उत्तम लागते’ असे प्रामाणिकपणे सांगतो. या विकारात रुग्ण स्वतःचा साक्षीदार होऊ शकत नाही. साक्ष द्यावी लागते ती शेजारी झोपणाऱ्याने. मोठे घोरणे, मध्येच पूर्ण शांतता आणि मग गुदमरल्यासारखा श्वास, हा क्रम सांगणारी पत्नी, पती किंवा वसतिगृहातील खोलीसोबती यांचे निवेदन म्हणूनच मोलाचे ठरते.

रुग्णाची स्वतःची तक्रार बहुधा निराळ्याच शब्दांत येते : सकाळी डोके दुखते, तोंड कोरडे पडते, रात्री लघवीला उठावे लागते, वाचताना लक्ष लागत नाही, स्वभाव चिडचिडा झाला आहे. स्त्रिया पुष्कळदा घोरण्याऐवजी थकवा किंवा निद्रानाश सांगतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत शंका उशिरा येते. ‘थकवा’ हा शब्दच फसवा आहे. त्यात शरीराचा शीण आणि झोपेचा अंमल या दोन भिन्न गोष्टी मिसळतात. मरे जॉन्स यांनी ऑस्ट्रेलियात १९९१ साली मांडलेल्या एपवर्थ मापनाचे वैशिष्ट्य येथे दिसते. त्यात ‘आपण थकता काय?’ असा प्रश्न नाही. वाचत बसले असता, दुपारी आडवे झाले असता, कोणाशी बोलत असता, अशा ८ प्रसंगी डुलकी लागण्याचा संभव किती, एवढेच विचारले आहे. एकूण गुण २४. १० हून अधिक आल्यास दिवसाची झोप प्रमाणाबाहेर समजतात.

नावानेही दिशाभूल होते. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधील सदा पेंगणाऱ्या लठ्ठ मुलावरून १९५६ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी एका विकारास ‘पिकविकियन’ हे नाव दिले. त्यात भर होता स्थूलतेवर आणि झोपाळूपणावर. अशा रुग्णांच्या झोपेत श्वास वारंवार तुटतो, हे १९६५ साली फ्रान्स व जर्मनीतील संशोधकांनी दाखविले. स्थूलता हे मोठे कारण खरे. परंतु अरुंद जबडा, वाढलेल्या गलग्रंथी यांमुळे सडपातळ व्यक्तीसही हा विकार जडतो.

निश्चित निदान रात्रभर श्वास, प्राणवायू इत्यादींची नोंद घेऊनच होते. ताशी ५ ते १५ खंड पडल्यास विकार सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि त्यापुढे तीव्र मानतात. श्वास पूर्ण न थांबता बराच मंदावला तरी तो खंड या गणनेत धरतात. उपचारांत वजन घटविणे, निजण्यापूर्वी मद्य टाळणे, कुशीवर झोपणे यांना स्थान आहे. झोपेच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत. १९८१ साली सिडनीत कॉलिन सलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नाकावरील मुखवट्यातून हवेचा सौम्य दाब देऊन घसा उघडा ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली. मध्यम व तीव्र विकारात तोच आज प्रमुख उपाय आहे.

उपेक्षा केल्यास रक्तदाब वाढण्याचा धोका असतो. वाहन चालविताना लागलेली डुलकी तर स्वतःच्या व इतरांच्याही प्राणांवर बेतते. म्हणून वर्गात किंवा ग्रंथालयात रोज पेंगणाऱ्यास आळशी ठरविण्याआधी, त्याच्या घरच्यांना त्याच्या झोपेविषयी विचारावे, आणि उत्तरात ‘मध्येच श्वास थांबतो’ हे शब्द आल्यास त्यास डॉक्टरांकडे पाठवावे.