पाणथळीतील लांबपायी माशीची ओळख

तळ्याकाठच्या ओल्या चिखलावर लांब, बारीक पायांवर शरीर उचलून उभी राहणारी, हिरवट धातुमय झळाळीची चिमुकली माशी बहुधा डोलिकोपोडिडी या कुलातील असते. या कुलाच्या ७,००० हून अधिक जाती जगभरातून नोंदल्या गेल्या असून बहुतेकांची लांबी एक सेंटिमीटरहूनही कमी भरते. त्यामुळे नुसत्या रंगावरून किंवा पायांच्या लांबीवरून त्यांची ओळख पटवणे धोक्याचे ठरते. कारण झळाळता हिरवा रंग उकिरड्यावरील जाडसर माशीलाही असतो आणि लांब पाय इतर अनेक माश्यांनाही असतात.

कुल निश्चित करण्यासाठी पंखांतील शिरांची, म्हणजे पातळ पडद्याला आधार देणाऱ्या नळ्यांची, मांडणी पाहावी लागते. या कुलात उभ्या शिरांना जोडणारी पुढची आडवी शिरा पंखाच्या अगदी बुडाशी असते, तसेच नराचे जननांग पोटाखाली पुढे दुमडलेले असते. त्यानंतर प्रजाती ठरवताना राठ केस उपयोगी पडतात. उदाहरणार्थ, डोलिकोपस या प्रजातीत मागच्या पावलाच्या पहिल्या खंडाच्या वरच्या बाजूस असे ठळक केस आढळतात.

जातीची खूण मात्र बहुतेक वेळा नरातच सापडते. युरोपातील डोलिकोपस प्लुमिपेस या जातीच्या नराच्या मधल्या पावलाच्या पहिल्या खंडावर दोन्ही बाजूंनी पिसासारखी झालर असते, तर पोइसिलोबोथ्रस नोबिलिटेटस या जातीच्या नराच्या पंखांची टोके दुधाळ पांढरी असून त्यांच्या आतल्या बाजूस गडद डाग असतो, आणि डबक्याकाठी मादीसमोर पंख पसरून तो ही खूण प्रकर्षाने मिरवतो. मादीला हे अलंकार नसल्याने तिची जात ठरवणे तज्ज्ञांनाही कठीण जाते. म्हणूनच छायाचित्र काढताना पंख, तिन्ही जोड्यांचे पाय आणि पोटाचे टोक बाजूने स्पष्ट दिसेल असे पाहावे, आणि ठिकाण, दिनांक व अधिवास यांची नोंद अवश्य ठेवावी.

एवढा खटाटोप वाया जात नाही. अनेक जातींच्या अळ्या ओल्या मातीत किंवा चिखलात वाढतात, आणि पुष्कळ जाती ठरावीक प्रकारच्या ओलसर जागीच टिकतात. म्हणून बेल्जियमच्या फ्लँडर्स प्रदेशात या कुलाची स्वतंत्र लाल यादी, म्हणजे संकटग्रस्त जातींची सूची, २००० साली प्रसिद्ध झाली. जातीचे नाव अचूक ठरल्याखेरीज अशी यादी तयार होऊ शकत नाही, आणि यादीवाचून पाणथळ जागेतून काय नाहीसे होत आहे हे कळण्यास मार्ग उरत नाही.