अपुऱ्या दोराचे गणित

ज्या खेळात साडेअकरा मीटर दूर असलेल्या खुणेला वळसा घालून यायचे असते आणि त्यासाठी खेळाडूच्या हाती जो दोर दिला जातो तो, स्पर्धेच्या अखेरच्या टप्प्यांत, जेमतेम पावणेदहा मीटर लांबीचा असतो, त्या खेळाची गणना केवळ धाडसाच्या करमणुकीत करून मोकळे होणे हे त्या खेळातील विज्ञानावर अन्याय करण्यासारखे आहे. वेगवान मोटरबोटीच्या मागे एकाच स्कीवर उभे राहून डावी-उजवीकडे झेपावत जाण्याच्या या प्रकाराला स्लॅलम वॉटर स्कीइंग म्हणतात. काठावरून पाहणाराचे लक्ष साहजिकच पाण्याच्या उंच उडणाऱ्या पडद्याकडे आणि पाण्याला जवळजवळ टेकलेल्या खेळाडूच्या खांद्याकडे जाते. परंतु या दृश्यामागे भूमिती, गतिशास्त्र आणि द्रवगतिशास्त्र यांचा जो मेळ बसलेला असतो तो एकदा ध्यानात आला, म्हणजे हा खेळ शिकावा कसा आणि त्याचे साहित्य निवडावे कसे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी आपोआप मिळू लागतात.

प्रथम मैदान पाहू. शांत जलाशयावर 259 मीटर लांबीची एक सरळ वाट बोयांनी आखलेली असते. बोट या वाटेच्या मध्यरेषेवरून, दुतर्फा मांडलेल्या बोयांच्या अरुंद गल्लीतून, रेसभरही न ढळता जाते. खेळाडूने मात्र प्रवेशद्वारातून आत शिरून एकाआड एक उजव्या-डाव्या बाजूंना असलेल्या सहा बोयांना बाहेरून वळसा घालायचा आणि शेवटच्या द्वारातून बाहेर पडायचे. प्रत्येक बोया मध्यरेषेपासून 11.5 मीटर दूर, आणि वाटेच्या लांबीने मोजल्यास एका बोयापासून दुसरा 41 मीटर पुढे. पुरुषांच्या वरच्या गटात बोटीचा वेग ताशी 58 किलोमीटर, स्त्रियांच्या गटात 55. म्हणजे पुरुषांच्या गटात ही सारी वाट अवघ्या सोळा सेकंदांत संपते.

सहाही बोये बिनचूक पार पडले की प्रथम वेग वाढवीत नेण्याचा आणि वेगाची हद्द गाठल्यावर दोर आखूड करीत जाण्याचा शिरस्ता आहे. 18.25 मीटरपासून सुरुवात होऊन दोर 16, 14.25, 13, 12, 11.25, 10.75, 10.25 आणि 9.75 असा उतरत जातो. दोराच्या या तुकड्यांना रंग ठरवून दिलेले असून, प्रारंभीच्या टप्प्यांचे रंग इंद्रधनुष्याच्या क्रमाने लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा असे येतात. आता थोडे त्रिकोणमितीचे गणित करून पाहावे. खेळाडूचा लांबवलेला हात आणि झुकलेले शरीर यांची मिळून पोच पावणेदोन मीटर धरली, तर बोयाला वळसा घालण्यासाठी दोराची मूठ मध्यरेषेपासून किमान पावणेदहा मीटर बाहेर जावी लागेल. 18.25 मीटरच्या दोरावर हे साधण्यास दोराने बोटीच्या मार्गाशी सुमारे 32 अंशांचा कोन केला की भागते, 11.25 मीटरच्या दोरावर तोच कोन 60 अंशांवर जातो, आणि 9.75 मीटरच्या दोरावर तो 90 अंश होतो, म्हणजे खेळाडू बोटीच्या मागे न राहता तिच्या थेट बाजूला येऊन ठेपतो! अमेरिकेच्या नेट स्मिथ याने 2013 साली लुइझियाना राज्यातील कव्हिंग्टन येथे याच 9.75 मीटरच्या दोरावर अडीच बोयांची जी विश्वविक्रमी नोंद केली, तिचे मोल या कोनाचा विचार केल्याखेरीज कळणार नाही.

या कोनापर्यंत खेळाडू पोहोचतो तो कशाच्या बळावर? नवशिक्याची समजूत अशी असते की दंडांच्या जोरावर दोर ओढला की आपण बाजूला जाऊ. आणि ही समजूत जितका काळ टिकते तितका काळ त्याची प्रगती खुंटते. वस्तुतः दोराच्या टोकाचा खेळाडू म्हणजे गोफणीतला दगडच होय. बोटीच्या ठीक मागून, म्हणजे मध्यरेषेवरून, आडवा जात असताना त्याचा आडवा वेग सर्वांत अधिक असतो आणि दोरावरील ताणही तेथेच, शरीराच्या वजनाला मागे टाकील इतका, शिगेला पोहोचतो; त्यानंतर हा साठवलेला वेगच त्याला दुसऱ्या बाजूस वर नेतो. एका बोयापासून समोरच्या बोयापर्यंतची तिरपी सरळ रेषा सुमारे 47 मीटरांची आहे आणि तिला बोटीच्या हिशेबाने अडीच सेकंदांहून किंचित अधिक काळ मिळतो, सबब खेळाडूचा सरासरी वेगच ताशी 66 किलोमीटरवर जातो. वळणावर हा वेग पुष्कळ मंदावत असल्यामुळे मध्यावर तो याहून कितीतरी वाढलेला असणार, हे उघड आहे. म्हणून जाणते प्रशिक्षक शिकवतात ते असे, की वळण पुरे होताच, मध्यरेषा येण्यापूर्वी, कंबर मुठीजवळ ठेवून सारे शरीर एकसंध कलवावे आणि वेग मिळवावा. मध्यरेषा ओलांडताना स्कीची धार बदलावी. आणि त्यापुढे मूठ शरीरापासून दूर न जाऊ देता, मिळालेला वेग जिकडे नेईल तिकडे जावे. मध्यरेषेच्या पलीकडेही जो ओढतच राहतो, त्याला बोयापाशी पोहोचल्यावर वेग आवरत नाही, दोर सैल पडतो, आणि सैल दोर पुन्हा ताणला जाताना बसणारा हिसका त्याला पाण्यात पाडल्यावाचून राहत नाही.

मुळात माणूस फळीवर पाण्याच्या पृष्ठावर तरतो कसा, याचा शोध कसा लागला ती कथा येथे सांगितली पाहिजे. 1922 साली अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील लेक सिटी या गावच्या राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या तरुणाने पेपिन सरोवरावर प्रथम पिंपाच्या फळ्या आणि मग बर्फावरच्या स्की बांधून पाहिल्या, दोन्ही बुडाल्या. तेव्हा त्याने पाइन लाकडाच्या आठ फूट लांब व नऊ इंच रुंद अशा दोन फळ्या आणल्या, त्यांची टोके आईच्या तांब्याच्या भांड्यात उकळून मऊ केली, वर वाकवली, आणि पुष्कळ अपयशानंतर 2 जुलै रोजी, शरीर मागे रेलून टोके पाण्याबाहेर ठेवल्यावर, तो तरला. या पराक्रमाचे पेटंट त्याने घेतले नाही. ते 1925 साली फ्रेड वॉलर या दुसऱ्याच संशोधकाने घेतले, आणि सॅम्युएलसनच्या कर्तृत्वाची रीतसर दखल अमेरिकन वॉटर स्की असोसिएशनने घेतली ती 1966 साली. उशिरा का होईना, न्याय झाला याचे समाधान वाटते.

सॅम्युएलसनच्या फळ्या एवढ्या अवाढव्य का होत्या, याचे उत्तर द्रवगतिशास्त्रात आहे. पाण्यावर किंचित तिरपी धरलेली फळी पाणी खाली ढकलते आणि पाणी तिला वर उचलते. हे उद्धरण ढोबळमानाने फळीच्या ओल्या क्षेत्रफळाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्याच्या काळची बोट संथ, म्हणून फळी मोठी. हाच नियम आजच्या नवशिक्यालाही बरहुकूम लागू पडतो. ताशी 58 किलोमीटरला जी अरुंद स्पर्धा-स्की खेळाडूला सहज तोलून धरते, ती त्याच तिरकसपणाने ताशी 45 किलोमीटरवर जेमतेम 60 टक्के उद्धरण देईल. उरलेल्या वजनाचा भार सोसण्यासाठी ती खोल बुडेल, अधिक पाणी नांगरील, आणि चालवणाऱ्याला वाटेल की आपल्याच पायांत बळ नाही. विजेत्यांची स्की पाहून तीच विकत घेण्याचा मोह शिकणाऱ्याचे जेवढे नुकसान करतो तेवढे दुसरे काहीही करीत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. स्की निवडताना स्वतःचे वजन आणि ज्या वेगाने आपण खरोखर चालणार तो वेग, या दोन आकड्यांवर निर्णय करावा. उंचीला येथे फारसे महत्त्व नाही. प्रौढांच्या स्की साधारणतः 165 ते 175 सेंटीमीटरांच्या असतात. पण दोन-तीन सेंटीमीटर लांबीपेक्षा पायांखालची रुंदी संथ वेगात अधिक उपकारक ठरते.

आकाराचे इतर तपशीलही अभ्यासण्याजोगे आहेत. तळाला लांबीच्या दिशेने जी खोलगट पन्हळ असते ती पाणी धरून ठेवते आणि स्कीला पकड देते. कडा गोलसर असेल तर पाणी तिच्या वळणाला चिकटून वर चढते व स्कीला खाली ओढून घेते, त्यामुळे ती खोल पण खात्रीने चालते. कडा तीक्ष्ण असेल तर पाणी तेथेच सुटते आणि स्की उंच तरते. टोकापासून शेपटीपर्यंतची कमान जितकी अधिक तितके वळण सोपे, परंतु सरळ जाताना अवरोधही तितकाच अधिक. लाकूड जाऊन काचतंतू आणि पुढे कार्बनतंतू आले, वजन उतरले, किमती चढल्या. शिकणाऱ्याला कार्बनची निकड नाही.

शेपटीखालचे फिन हा मात्र स्वतंत्र अध्ययनाचा विषय होय. हाताच्या पंजाहून लहान असे हे अ‍ॅल्युमिनियमचे पाते स्क्रूंनी कसलेले असते, आणि ते किती खोल, किती लांब व शेपटीपासून किती अंतरावर बसवले आहे याची मोजदाद खेळाडू कॅलिपरने इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत करतात. पाते खोल गेले की शेपूट पाण्यात घट्ट रुतते. उथळ केले की वळताना ती मोकळेपणी घसरते. त्यावर आडवा बसवलेला छोटा पंख काही अंशांनी कललेला असून बोयाकडे येताना तो गतिरोधकाचे काम करतो. सुताएवढ्या फरकाने सारी स्की परकी वाटू लागते, हे ज्याने अनुभवले तो पात्याला उगाच हात लावीत नाही. निर्मात्याने सांगितलेल्या मापावर ते बसवावे, ती मापे वहीत टिपून ठेवावीत, आणि निदान पहिला हंगामभर त्यांत बदल करू नये.

पायबूट घेताना पुढचा बूट घट्ट बसणारा, ओल्या पायाने कष्टानेच आत जाणारा असावा, कारण सैल बुटात टाच उचलली गेली की स्कीवरची हुकमत गेली. मागच्या पायासाठी सुरुवातीला अर्धा बूट, म्हणजे नुसता चवडा अडकवण्याचा पट्टा, बरा. त्याने मागचा पाय मोकळा ठेवून निघता येते. पुढे दोन पूर्ण बूट घेतलेच तर पडताना दोन्ही सुटतील किंवा दोन्ही अडकून राहतील अशीच तजवीज हवी, कारण एक सुटून दुसरा अडकला की घोटा पिरगळून मोठी दुखापत होते. दोर न ताणला जाणारा घ्यावा. लवचीक दोर हिसके देतो. तो हाताला गुंडाळू नये आणि मुठीतून दंड आत घालू नये, ही ताकीद प्रत्येक शिकाऊला पहिल्याच दिवशी मिळावी. प्रमाणित जीवनरक्षक जाकीट अंगावर असणे आणि बोटीत चालकाखेरीज मागे नजर ठेवणारा दुसरा माणूस असणे, यांत सवलत नाही.

शिकण्याचा आरंभ दोन स्कींवर, ताशी तीसएक किलोमीटरच्या वेगाने करावा. दोहोंवर स्थिर झाल्यावर एक पाय हलकेच उचलून पाहावा. ज्या पायावर अधिक विश्वासाने उभे राहता येते तो पुढचा. मग दुसऱ्या पायाची स्की सोडून द्यावी, आणि त्यानंतरच खोल पाण्यातून एकाच स्कीवर उठण्याची तालीम घ्यावी. पाण्यात बसताना गुडघा छातीशी, हात सरळ, स्कीचे टोक पाण्याबाहेर आणि दोर त्याच्या एका बाजूने गेलेला. बोट चालू लागली की उभे राहण्याची घाई न करता, पायाखाली पाण्याचा दाब भरू द्यावा. पाणी उचलू लागते तेव्हा गुडघा आपोआप उलगडतो. जो हात वाकवून मूठ छातीकडे ओढतो तो पुढच्या क्षणी मागे पडतो, आणि जो आधीच उभा राहू पाहतो त्याचे टोक पाण्यात घुसते. बहुतेकांचे पहिले सारे प्रयत्न या दोन चुकांतच खर्ची पडतात.

बोयांच्या वाटेवर येण्यापूर्वी मोकळ्या पाण्यात डाव्या-उजव्या बाजूंची वळणे सारखी उतरू लागली पाहिजेत, कारण पुढे ठेवलेल्या पायामुळे प्रत्येकाची एक बाजू स्वभावतःच दुबळी असते. वाटेवर आल्यावरही प्रथम बोये गाठण्याचा हट्ट धरू नये. त्यांच्या आतून, ठरलेल्या तालात, द्वारापासून द्वारापर्यंत जात राहावे. मध्यरेषेजवळ आतल्या बोयांची अरुंद वाट जेथे मांडलेली असेल तेथे ती आधी पुरी करावी. या काळात बोटचालकाचे साहाय्य अमोल असते. खेळाडू दोर ताणतो त्या प्रत्येक वेळी बोट मंदावू पाहते. वेग कायम राखण्याचे हे काम आता उपग्रहाधारित यंत्रणा करते, पण बोट मध्यरेषेवर सरळ धरण्याची जबाबदारी अद्याप चालकाच्या हातांवरच आहे, आणि वाट संपल्यावर पडलेल्या खेळाडूपाशी येऊन इंजिन पूर्ण बंद केल्याशिवाय त्याला वर न घेण्याचीही.