माउथगार्डची निगा: घरी आणि प्रवासात

झोपेत दात खाण्याची सवय असली की दंतवैद्य नाइट गार्ड वापरायला सांगतात. दातांच्या रांगेवर चढवायची ही प्लास्टिकची पन्हळ. वरचे दात खालच्या दातांवर रात्रभर घासतात, ती झीज दातांऐवजी तिने सोसायची. बॉक्सिंग किंवा हॉकी खेळणाऱ्यांचा माउथगार्ड याच जातीचा, पण जाड आणि धक्का झेलणारा. तोंडाचे माप घेऊन बनवलेला गार्ड काही हजारांच्या घरात जातो. एवढा खर्च करून आणलेली वस्तू थोड्याच महिन्यांत पिवळी पडते, तिला वास येऊ लागतो, नाहीतर ती दातांवर नीट बसेनाशी होते. बहुतेक वेळा कारणे दोनच असतात: ओल आणि उष्णता. या दोन्हींपासून गार्ड जपला की बरेच काम झाले. घरी हे सोपे असते. गाडी बिघडते ती प्रवासात.

आधी आपला गार्ड कशाचा आहे ते माहीत करून घ्या. मऊ, रबरासारखा वाकणारा असेल तर तो बहुधा ईव्हीए नावाच्या प्लास्टिकचा असतो. ते गरम झाले की मऊ होते आणि गार झाले की त्या आकारात घट्ट होते. कडक, काचेसारखा पारदर्शक असेल तर तो बहुधा ॲक्रिलिकचा, म्हणजे कवळ्या ज्याच्या करतात त्या पदार्थाचा. काही गार्ड आतून मऊ आणि बाहेरून कडक असतात. मऊ गार्ड कोरडाच ठेवायचा. कडक गार्ड मात्र काही दंतवैद्य पाण्यात ठेवायला सांगतात, कारण ॲक्रिलिक सुकले की त्याच्या आकारात किंचित फरक पडू शकतो. गार्ड हातात मिळेल त्याच दिवशी हे विचारून घ्या. पाण्यात ठेवायचा असेल तर पाणी रोज बदला.

आता रोजचा क्रम पाहू. रात्री गार्ड घालण्यापूर्वी दात घासा. जेवणाचे कण दातांच्या फटीत असताना गार्ड चढवला, तर ते कण आणि त्यांच्यावर पोसणारे जंतू रात्रभर झाकणाखाली राहतात. एरवी लाळ दात सतत धुऊन काढत असते. गार्डखाली तिला नीट पोहोचता येत नाही.

सकाळी गार्ड काढल्याबरोबर गार पाण्याने धुवा. चहा होईपर्यंत बेसिनवर तसाच पडू देऊ नका. ओला असताना त्यावरचा लाळेचा थर सहज निघतो, वाळला की चिकटून बसतो. जंतूंच्या या बुळबुळीत थराला बायोफिल्म म्हणतात. नुसत्या पाण्याच्या धारेने तो पूर्ण जात नाही, घासावाच लागतो.

घासायला वेगळा मऊ ब्रश ठेवा आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब किंवा साधा साबण घ्या. टूथपेस्ट नको. तिच्यात दात चकचकीत करणारी बारीक खर असते. प्लास्टिक दातांपेक्षा मऊ, त्यामुळे त्यावर बारीक ओरखडे पडतात आणि पुढे त्याच ओरखड्यांत घाण साठते. बाहेरची बाजू सगळेच घासतात. खरी जागा आतली, जिथे दाढा बसतात ते खळगे. गार्ड खिडकीच्या उजेडात तिरका धरून पाहा. खळग्यांच्या तळाशी दुधी, जरा खरखरीत पट्टा दिसला, तर ब्रश तिथे पोहोचत नाही असे समजा. ब्रशचे टोक उभे धरून तिथे फिरवले की हळूहळू साफ होते.

धुताना गरम पाणी वापरायचे नाही, मग जंतू मरतील असे कितीही वाटले तरी. सर्वांत जास्त गार्ड याच हौसेपायी वाकडे होतात. खेळाच्या दुकानात मिळणारा गार्ड गरम पाण्यात मऊ करून, चावून आपल्या दातांच्या आकाराचा करतात. त्याच गरम पाण्यात तो पुन्हा मऊ होणार आणि आकार सोडणार, हे उघड आहे. कडक गार्डही गरम पाण्याने वेडावाकडा होऊ शकतो. असा गार्ड वरवर ठीक दिसतो, पण दातांवर ठिकठिकाणी दाब देतो आणि सकाळी जबडा दुखतो.

धुतल्यावर गार्ड झटका, स्वच्छ मलमलच्या फडक्याने किंवा धुतलेल्या रुमालाने टिपा आणि अर्धा तास उघड्यावर वाळू द्या. मुंग्या आणि झुरळे लाळेच्या वासाने येतात, म्हणून त्यावर दुधावर ठेवतो तशी जाळी पालथी घाला. उन्हात किंवा गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नका आणि केस वाळवायच्या ड्रायरची गरम हवाही देऊ नका. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, अर्ध्या तासात काहीच वाळत नाही. तिथे पंख्याखाली जास्त वेळ ठेवणे हाच उपाय.

पूर्ण वाळल्यावरच डबीत. डबीला वरून-खालून भोके हवीत. साबणाची डबी किंवा छोटा घट्ट झाकणाचा डबा यासाठी घेऊ नका. ओला गार्ड हवाबंद डबीत राहिला की जंतू आणि बुरशी यांना ओल, ऊब आणि अंधार एकाच जागी मिळतो. गार्ड स्वच्छ धुणारेसुद्धा डबीकडे लक्ष देत नाहीत. तिच्या बिजागरीत आणि झाकण अडकते त्या खाचेत नखाने खरवडून पाहा. काळपट ठिपके निघाले तर ती बुरशी आहे. डबी निदान आठवड्यातून एकदा साबणाने घासून, उघडी ठेवून वाळवा. तिचे ठिपके जात नसतील तर नवी घ्या. ती गार्डच्या मानाने फारच स्वस्त असते.

रोज घासूनही महिनाभरात पांढरा, खडूसारखा थर जमतो. त्यात लाळेतले क्षार असतात आणि बोअरचे जड पाणी असलेल्या गावांत पाण्यातलेही. पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात गार्ड अर्धा तास बुडवा, मग घासून भरपूर पाण्याने धुवा. गार्डला धातूची तार असेल तर हे करण्याआधी दंतवैद्यांना विचारा. कपड्यांचे ब्लीच वापरू नका. व्हिनेगरमध्ये तर ते कधीच मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो.

कवळी साफ करायच्या फसफसणाऱ्या गोळ्या बऱ्याच गार्डना चालतात. वेष्टनावर दिला आहे तेवढाच वेळ गार्ड बुडवा आणि नंतर चांगला धुवा. यातल्या अनेक गोळ्यांत पर्सल्फेट असते आणि काहींना त्याची ॲलर्जी असते. त्यामुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2008 साली या गोळ्यांबद्दल सावधगिरीचा इशारा दिला होता. ही गोळी तोंडात टाकायची नाही आणि तिच्या पाण्याने चूळही भरायची नाही. घरात लहान मुले असतील तर गोळ्या वरच्या फळीवर ठेवा.

आता प्रवासाची तयारी. निघण्याच्या आदल्या दिवशी एका छोट्या चेनच्या पिशवीत हे सामान भरा: भोके असलेली डबी, टोपण असलेला छोटा ब्रश, लिक्विड साबणाची लहान बाटली आणि दोन स्वच्छ रुमाल. डबीवर आपले नाव आणि फोन नंबर चिकटवा. विमानाने जाणार असाल तर ही पिशवी हातातल्या सामानात ठेवा, कारण चेक-इन केलेली बॅग एखाद्या वेळी दुसऱ्याच गावी उतरते. परदेशी जाताना बहुतेक विमानतळांवर हातातल्या सामानातली द्रवाची बाटली 100 मिलिलीटरपेक्षा मोठी चालत नाही, हेही ध्यानात ठेवा.

रात्रीच्या रेल्वेत, समजा महालक्ष्मी एक्सप्रेसने कोल्हापूरहून मुंबईला निघालात, तर डब्यातल्या बेसिनचे पाणी गार्डसाठी वापरू नका. ते पिण्याचे नसते आणि गार्ड तर तोंडातच जाणार. पिण्याच्या बाटलीतले पाणी एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने घासता येते. थोडे पाणी पुरते. गार्ड मात्र बेसिनच्या कडेला टेकवू नका. हातातून थेट रुमालात, रुमालातून डबीत.

वाळवायला तिथे अर्धा तास कुठला मिळायचा? तेव्हा रुमालाने दोनदा कोरडा टिपा, दुसऱ्यांदा रुमालाची कोरडी बाजू वापरा आणि डबीत ठेवा. मुक्कामी पोहोचल्यावर बॅग उघडली की आधी ही डबी उघडा. दोन-चार तासांची ओल चालून जाते. दोन दिवस बंद राहिलेली डबी उघडली की वासच सगळे सांगतो. पाण्यात ठेवायच्या गार्डसाठी मात्र बिनभोकांच्या डबीत थोडे पिण्याचे पाणी घ्या, बाहेरून प्लास्टिकची पिशवी गुंडाळा आणि पोहोचल्यावर पाणी बदला.

प्रवासात गार्ड खराब होतात त्याहून जास्त हरवतात. रात्री काढून टिश्यूत गुंडाळून ठेवला की सकाळी तो कचरा म्हणून जातो. हॉटेलात खोली साफ करणाऱ्यांना टिश्यूत काय आहे हे कसे कळणार? कधी झोपेत गार्ड तोंडातून निसटतो आणि चादरीत गुंडाळला जातो. रेल्वेतली चादर परत देण्याआधी, किंवा लग्नघरच्या गाद्या उचलण्याआधी, हात फिरवून पाहा. कुत्रा असलेल्या घरी मुक्काम असेल तर जास्तच जपा. लाळेचा वास कुत्र्यांना खेचतो आणि गार्डचा चुरा व्हायला वेळ लागत नाही.

मोटारीने जाताना डबी डॅशबोर्डवर ठेवू नका. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापते. जेवायला थांबलात तरी डबी पर्समध्ये घालून सोबत घ्या. मुक्कामी बाथरूम सामायिक असेल तर डबी तिथल्या फळीवर न ठेवता आपल्या बॅगेत ठेवा.

खेळणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी थोडे वेगळे. त्यांचा गार्ड दुपारभर मोज्यात खोचलेला असतो, नाहीतर मैदानावर, आणि शेवटी किटबॅगेत घामट बुटांशेजारी. बॉक्सिंगमध्ये दोन फेऱ्यांच्या मधे कोपऱ्यातला मदतनीस गार्ड काढून पाण्याने धुऊन परत देतो, तीच शिस्त सरावालाही लावावी. मुलाला पाण्याची वेगळी बाटली आणि बॅगेच्या वेगळ्या कप्प्यात डबी द्या. गार्ड चघळायची सवय मोडा, कारण चावून कडा खरबरीत होतात, हिरड्यांना टोचतात आणि त्या जखमांतून जंतू शिरतात. भावाभावांनीही एकमेकांचा गार्ड घालू नये. मूल वाढते तसा त्याचा जबडाही वाढतो, म्हणून जुना गार्ड पुढच्या वर्षी बसतो का हे दंतवैद्यांकडून तपासून घ्या.

गार्डला चीर किंवा भोक पडले, तो सैल झाला, किंवा घासूनही वास जाईना, तर बदलायची वेळ आली. बसत नाही म्हणून घरी गरम पाण्यात टाकून दाबून पाहू नका. तोंडात फोड, गालाच्या आत पांढरे डाग, हिरड्यांत रक्त असे काही दिसले तर गार्ड थांबवा आणि दाखवायला जाताना तो डबीसकट घेऊन जा. दर सहा महिन्यांच्या तपासणीलाही न्या. बऱ्याच दवाखान्यांत अल्ट्रासोनिक यंत्र असते. पाण्यातल्या बारीक कंपनांनी ते खळग्यांतला जुना थर सोडवते. ब्रश न पोहोचणाऱ्या जागा त्यातच साफ होतात, म्हणून तेवढे करून द्यायला सांगा.