चेंडू सुटतो कुठे, वळतो कुठे?

शिक्षकांच्या एका उन्हाळी शिबिरात 'फिरणाऱ्या वस्तूंची गती' हा विषय आमच्याकडे होता. भोवरा, सायकलचे चाक, क्रिकेटमधील फिरकी असे करत करत आम्ही गोल्फच्या चेंडूपाशी पोहोचलो. गोल्फमध्ये 'ड्रॉ' नावाचा एक फटका असतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू लक्ष्याच्या जरा उजवीकडे सुटतो आणि हवेतल्या हवेत हळूहळू डावीकडे वळून लक्ष्यापाशी उतरतो. हेच वळण हाताबाहेर गेले तर त्याला हुक म्हणतात. उलट दिशेच्या सौम्य वळणाला फेड म्हणतात, आणि ते बिघडले की स्लाइस. नवशिक्याचा फटका बहुधा स्लाइसच असतो, म्हणून ड्रॉ शिकण्याची प्रत्येकाला ओढ.

हा फटका कसा मारतात, हे आम्ही खेळाच्या पुस्तकांत वाचलेले होते. ते असे: क्लब लक्ष्याच्या उजवीकडे जाईल असा फिरवा आणि त्याचे तोंड मात्र लक्ष्याकडे ठेवा. चेंडू क्लबच्या मार्गाने सुटेल आणि तोंड जिकडे आहे तिकडे वळेल. आम्ही फळ्यावर दोन बाण काढून हे मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. मागच्या बाकावरचे एक शिक्षक म्हणाले, "सर, पण कॅरममध्ये असं होत नाही."

स्ट्रायकर कोणत्याही दिशेने येवो, सोंगटी जाते ती टक्कर होताना दोघांची केंद्रे जोडणाऱ्या रेषेत. कट मारताना आपण स्ट्रायकर कुठून येतो यापेक्षा तो सोंगटीला कुठे लागतो हे पाहतो. हे त्यांचे म्हणणे. आम्ही "गोल्फचा चेंडू दबतो, त्यामुळे तो क्लबबरोबर जातो" असे काहीसे उत्तर देऊन वेळ मारून नेली. जेवणाच्या सुट्टीत ते उत्तर आमचे आम्हालाच पटेना.

शिबिरानंतर आम्ही सरावाच्या मैदानावर जाऊन पुस्तकातली कृती जशीच्या तशी करून पाहिली. खेळात आम्ही कच्चेच, पण शंभरएक चेंडू मारल्यावर चित्र स्पष्ट झाले. बऱ्यापैकी लागलेले चेंडू उजवीकडे सुटतच नव्हते. ते जवळजवळ सरळ सुटत, मग डावीकडे वळत आणि लक्ष्याच्या बऱ्याच डावीकडे जाऊन पडत. शेजारी शिकवणाऱ्या प्रशिक्षकांनी निदान केले की आमचा क्लब पुरेसा उजवीकडे जात नाही. आम्ही तो आणखी उजवीकडे नेला. चेंडू आणखी डावीकडे गेले.

आता टक्कर नीट पाहू. क्लबचे जे पृष्ठ चेंडूला लागते त्याला 'मुख' म्हणू आणि त्या क्षणी क्लब ज्या दिशेने सरकत असतो तिला 'मार्ग'. क्लब आणि चेंडू एकमेकांना चिकटून राहतात ते जेमतेम अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. क्लबचा वेग सेकंदाला ४० मीटर धरला तर एवढ्या वेळात तो सुमारे दोन सेंटिमीटर सरकतो. या अवधीत चेंडूवर दोन बले लागतात. पहिले मुखाला लंब असते आणि ते फार मोठे असते. दुसरे घर्षणाचे, मुखाच्या पृष्ठाला समांतर आणि त्या मानाने लहान. पहिले बल चेंडूला मुखासमोर ढकलते. दुसरे त्याला थोडेसे मार्गाकडे ओढते आणि मुख्यतः फिरवते. बोरिक पावडर टाकलेल्या कॅरमवर घर्षण नगण्य, म्हणून तिथे फक्त पहिले बल दिसते. गोल्फमध्ये घर्षणाचा वाटा आहे, पण तो थोडा. ढोबळमानाने बोलायचे तर ड्रायव्हरने, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबने, मारलेल्या चेंडूच्या सुटण्याच्या दिशेत सुमारे ८५ टक्के वाटा मुखाचा आणि १५ टक्के मार्गाचा असतो. लोखंडी क्लबांसाठी हे प्रमाण ७५ आणि २५ च्या आसपास येते.

म्हणजे कॅरमवाल्या शिक्षकांचे बरोबर होते आणि आमचे दोन बाण उलटे होते.

मग वळण कुठून येते? याची कथा जुनी आहे. तिरक्या रॅकेटने मारलेला टेनिसचा चेंडू वाकडा जातो, हे न्यूटनने १६७२ मध्ये प्रकाशाविषयी लिहिताना नोंदवले होते. पुढे जर्मनीत माग्नुसने १८५२ च्या सुमारास फिरत्या वस्तूवर वाहत्या हवेमुळे आडवे बल लागते हे प्रयोगाने दाखवले, आणि त्या परिणामाला त्याचे नाव मिळाले. गोल्फच्या चेंडूकडे मात्र नेटाने पाहिले ते एडिंबरोच्या पीटर गथ्री टेट या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी. सेंट अँड्र्यूजच्या मैदानाचे त्यांना वेड होते. त्यांचा मुलगा फ्रेडी तर १८९६ आणि १८९८ मध्ये ब्रिटनचा हौशी विजेता झाला. टेट यांनी एक साधा प्रयोग केला. चेंडूला लांब, सपाट फीत बांधली, तिचे दुसरे टोक जमिनीत पक्के केले, चेंडू थोड्याच अंतरावरच्या ओल्या मातीच्या भिंतीत मारला आणि फितीला पडलेले पीळ मोजले. चेंडूने उड्डाणात किती फेरे घेतले ते पिळांनी सांगितले. सर्व फिरकी वाईट, असे टेट यांना खेळताना शिकवले गेले होते. मोजमापाने दाखवले की चांगला फटका उलट्या फिरकीशिवाय होतच नाही. चेंडूचा वरचा भाग मागे आणि खालचा पुढे असा तो फिरतो, त्यामुळे हवा खाली ढकलली जाते आणि चेंडू वर उचलला जातो. हे कळायला आपल्याला पस्तीसएक वर्षे उशीर झाला, अशी खंत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. आमच्या एका उन्हाळ्याची चूक त्यापुढे किरकोळ म्हणायची!

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. खेळाडू 'उलटी फिरकी' आणि 'आडवी फिरकी' अशा दोन वेगळ्या फिरक्यांबद्दल बोलतात. एका क्षणी चेंडू एकाच अक्षाभोवती फिरतो. अक्ष आडवा, जमिनीला समांतर असेल तर उचल बल सरळ वर लागते. अक्षाचे डावे टोक खाली कलले तर उचल बलही डावीकडे कलते. विमान डावीकडे वळताना डावा पंख खाली करते, तसेच हे. ड्रॉ म्हणजे एवढेच: उलटी फिरकी, पण किंचित डावीकडे कललेल्या अक्षाभोवती.

हा कल किती, हे समजून घ्यायला दोन पेन्सिली आणि एक पोस्टकार्ड पुरे. एक पेन्सिल मार्ग दाखवते. ती जवळजवळ आडवी धरा. दुसरी मुखासमोरची दिशा दाखवते. क्लबचे मुख थोडे आकाशाकडे झुकलेले असते, म्हणून ही पेन्सिल वर उचललेली हवी. दोन्हींची मागची टोके जुळवा आणि दोन्हींना टेकेल असे पोस्टकार्ड धरा. दुसरी पेन्सिल बरोबर पहिलीच्या वर असेल तर कार्ड उभे राहते आणि चेंडू सरळ जातो. दुसरी पेन्सिल थोडी डावीकडे न्या, कार्ड डावीकडे कलते. चेंडू कार्डाच्या पातळीतच, दुसऱ्या पेन्सिलीच्या जवळून सुटतो, आणि फिरकीचा अक्ष कार्डाला लंब असतो. अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ थिओडोर जॉर्गनसेन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोल्फच्या भौतिकीवरील पुस्तकात हीच पातळी मांडली.

कार्डाकडे नीट पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. ड्रायव्हरमध्ये दोन पेन्सिलींत वर-खाली समजा १४ अंशांचे अंतर आहे. दुसरी पेन्सिल २ अंश डावीकडे नेली की कार्ड सुमारे ८ अंश कलते. फार झुकलेल्या मुखाच्या, म्हणजे वेज जातीच्या, क्लबमध्ये हे अंतर ४५ अंश असेल तर तेवढ्याच २ अंशांनी कार्ड अडीच अंशच कलते. चूक तीच, पण ड्रायव्हरचा चेंडू झाडीत आणि वेजचा हिरवळीवर, याचे कारण हे.

आता आकडे घालून पाहू. लक्ष्य २०० मीटरवर आहे. या अंतरावर एक अंश म्हणजे साडेतीन मीटर. मार्ग ४ अंश उजवीकडे आणि मुख लक्ष्याच्या २ अंश उजवीकडे असेल, तर चेंडू सुमारे २.३ अंश उजवीकडे सुटेल, म्हणजे वळलाच नाही तर ८ मीटर बाजूला पडेल. मुख मार्गाच्या २ अंश डावीकडे असल्याने येणारे वळणही साधारण तेवढेच, आणि चेंडू लक्ष्यापाशी परततो. पुस्तकी कृतीत मार्ग ४ अंश उजवीकडे, पण मुख सरळ लक्ष्याकडे. चेंडू जेमतेम अर्धा-पाऊण अंश उजवीकडे सुटतो, आणि मुख-मार्गातील फरक दुप्पट म्हणून वळणही जवळजवळ दुप्पट. परिणाम: दहा-पंधरा मीटर डावीकडे. आम्ही मार्ग आणखी उजवीकडे नेला तेव्हा फरक आणखी वाढवत होतो!

मग हा चुकीचा नियम इतकी वर्षे टिकला कसा? आम्हाला वाटते, चांगल्या खेळाडूंनीच तो टिकवला. अर्ध्या मिलिसेकंदात मुख कुठे होते हे डोळ्यांना दिसत नाही. खेळाडूला वाटे की मुख लक्ष्याकडे आहे. सरावलेले हात मात्र प्रत्यक्षात ते एक-दोन अंश उजवीकडे आणत. फटका बरोबर बसे आणि त्याचे स्पष्टीकरण चुकीचे दिले जाई. ते ऐकून शिकणाऱ्याकडे असे हात नसत. त्याला मात्र 'तुझे काहीतरी चुकते आहे' हे ऐकावे लागे. २००३ च्या सुमारास डेन्मार्कच्या ट्रॅकमॅन कंपनीने डॉप्लर रडारवर चालणारे उपकरण आणले. मार्ग आणि चेंडूच्या सुटण्याची दिशा प्रत्येक फटक्याला मोजून मिळू लागली, तेव्हा कुठे शिकवण बदलू लागली.

शिकायची रीत आता सोपी होते. लक्ष्याच्या रेषेवर, चेंडूपुढे तीनचार मीटरवर एक काठी रोवा. चेंडू काठीच्या किंचित उजवीकडून गेला पाहिजे. तो डावीकडून गेला तर दोष मुखाचा, क्लबच्या मार्गाकडे बघूही नका. उजवीकडून गेला पण वळला नाही, तर मार्ग आणखी थोडा उजवीकडे हवा. त्यासाठी पाय लक्ष्याच्या उजवीकडे रोखून उभे राहा आणि मुख त्या दिशेच्या व लक्ष्याच्या साधारण मध्ये ठेवा. मनगटे मुद्दाम वळवायची गरज नाही. एक सावधगिरी मात्र हवी. ड्रायव्हरच्या टोकाकडे चेंडू लागला तर क्लबचे डोके गर्रकन उघडते आणि दातेरी चाकांच्या जोडीप्रमाणे चेंडूला उलट, म्हणजे ड्रॉची, फिरकी देते. मुख-मार्गाचा हिशेब तिथे कोलमडतो. मुखावर खडूची पूड चोळली की चेंडू कुठे लागला त्याची खूण उमटते. खडू आपल्याकडे असतोच.

गोल्फचे मैदान मात्र बहुतेक शाळांजवळ नसते, म्हणून वर्गासाठी हा प्रयोग. दोन कागदी पेले बुडाला बूड लावून चिकटपट्टीने जोडा. चारपाच रबरबँड एकमेकांत अडकवून लांब दोरी करा आणि ती मधल्या कमरेभोवती ताणून गुंडाळा. मोकळे टोक पेल्यांच्या खालच्या बाजूने पुढे येऊ द्या. ते एका हाताने पुढे ताणा आणि दुसऱ्या हातातील पेले सोडा. उलटी फिरकी मिळून पेले तरंगत वर चढतात. आता सोडताना डावा पेला थोडा खाली ठेवा. पेले डावीकडे वळतात. उजवा खाली ठेवला तर फेड. हाच प्रयोग गुळगुळीत प्लास्टिकच्या हलक्या चेंडूने करू नये, कारण ठरावीक वेगाला गुळगुळीत चेंडू चक्क उलट दिशेला वळू शकतो. गोल्फच्या चेंडूवरचे तीनशे ते पाचशे खळगे ही अडचण टाळतात आणि हवेचा विरोधही घटवतात. एकोणिसाव्या शतकातील गटापर्चाचे नवे, गुळगुळीत चेंडू नीट उडत नसत. खेळून ओरखडे पडले की बरे उडत. तेव्हापासून लोक त्यांवर हातोडीने मुद्दाम खुणा पाडू लागले.

दुरुस्त बाण आणि पोस्टकार्डाची आकृती आम्ही त्या शिक्षकांना पत्राने पाठवली. त्यांनी उलट टपाली विचारले की डावखुऱ्याचे काय, आणि वेजने खरेच मोठे वळण देता येत नाही का. डावखुऱ्यासाठी सर्व आरशातल्यासारखे होते, त्याचा ड्रॉ उजवीकडे वळतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेत ऑगस्टाच्या मैदानावर २०१२ च्या मास्टर्स स्पर्धेत मिळाले होते. डावखुरा बब्बा वॉटसन बरोबरी सोडवण्याच्या दुसऱ्या खोळीला झाडांमध्ये अडकला होता. तेथून त्याने वेजने सुमारे १४० मीटरचा फटका मारला आणि चेंडू ३५ मीटरच्या आसपास उजवीकडे वळवून हिरवळीवर आणला. त्यासाठी त्याने मुख पुढे झुकवून वेजचा तिरकेपणा कमी केला होता आणि मुख व मार्ग यांत नेहमीच्या कितीतरी पट फरक ठेवला होता. दोन पेन्सिली घेऊन कार्ड किती कलवावे लागते, हे करून पाहावे.